चार पुतळे आणि फाशीचा प्रश्न

आमच्या सोलापुरात 'चार पुतळा' म्हटलं की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावं लागत नाही. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिलं. बाहेरगावच्या आणि परदेशातल्या आपल्या नातेवाईक मुलांना ही हकीकत नीट ठाऊक नसते, म्हणून आधी ती थोडक्यात सांगतो. मग जो प्रश्न मनात घोळतो आहे त्याकडे वळतो.

मे १९३० च्या सुरुवातीला मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली. सोलापूर तेव्हा गिरण्यांचं गाव. १८७७ सालच्या जुन्या गिरणीपासून एकेक गिरणी उभी राहिलेली, कामगार वस्ती मोठी. हरताळ, मिरवणुका सुरू झाल्या. ८ मे रोजी जमाव आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. मग लोक खवळले. मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटवली, कोर्टाची इमारत जाळली, आणि त्या दंगलीत पोलीसही मारले गेले. पोलीस गावातून काढून घेण्यात आले. पुढचे दोन-तीन दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी गावाची व्यवस्था पाहिली. सरकारला ही नाचक्की सहन होणारी नव्हती. १२ मेच्या रात्री मार्शल लॉ लागला तो ३० जूनपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणं हासुद्धा त्या दिवसांत गुन्हा होता!

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून या चौघांवर खटला चालला. सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली, मुंबई हायकोर्टात ती कायम झाली, दयेचे अर्ज फेटाळले गेले. धनशेट्टी आणि सारडा हे गावातले परिचित कार्यकर्ते, शिंदे काँग्रेसचे तरुण कार्यकर्ते, कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारे, वय अवघं विशी-एकविशीचं. त्या वेळी गांधीजी त्याच येरवडा तुरुंगात होते. २६ जानेवारीला, म्हणजे बरोबर चौदा दिवसांनी, त्यांची सुटका झाली. ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला आणि २३ मार्चला लाहोरला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले.

मी पस्तीसेक वर्षं इतिहास शिकवला. दर जानेवारीत हा धडा यायचा आणि एखादा मुलगा हमखास विचारायचा, "सर, पण पोलिसांना खरंच कोणी मारलं?" मोठी माणसं हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. हुतात्मा म्हटलं की आपण हात जोडतो. पण न्यायाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. हजारोंचा जमाव, आगीचा धूर, पळापळ. अशा गर्दीत अमक्याच्याच हातून अमका मेला, हे ठरवायचं कसं? सोलापूरकरांचं म्हणणं पहिल्यापासून हेच की ही माणसं पुढारी होती म्हणून त्यांना गोवलं. सरकारला खुनी शोधण्यापेक्षा जरब बसवण्याची घाई होती. 'असं उदाहरण घालून द्या की पुन्हा कोणी धजणार नाही,' हा त्यामागचा हिशेब.

इथेच मला थोडं थांबावंसं वाटतं. कारण हाच हिशेब आज आपणही मांडतो. एखादा भयंकर गुन्हा घडला की आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावर तासाभरात 'भर चौकात लटकवा' सुरू होतं. संताप खोटा नसतो. पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड माझ्या तरुणपणातलं. १९७६-७७ या काळात दहा खून झाले. संध्याकाळ झाली की लोक दाराला आतून कड्या घालत. १९८३ साली त्या प्रकरणातल्या चौघांना फाशी झाली, तीही येरवड्यालाच. तेव्हा बहुतेकांना हायसं वाटलं होतं. २०१२ साली कसाबला फाशी दिली ती जागाही हीच. १९३१ चे चौघे आणि हे लोक यांची तुलना मी मुळीच करत नाही. निरपराध माणसांचे जीव घेणारे कुठे आणि आमचे हुतात्मे कुठे! पण ज्या यंत्रणेने दोघांचा निकाल लावला तिची रचना एकच: पोलिसांचा तपास, साक्षीदारांची ओळखपरेड, न्यायाधीशांचं मत, आणि शेवटी न परतणारी शिक्षा.

कोणी म्हणेल, ते इंग्रजांचं राज्य होतं, आता आपलं आहे. खरं आहे. कायद्यातही खूप फरक पडला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी द्यायची तर खास कारणं लिहिण्याचं बंधन घातलं. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणातच फाशी द्यावी असं ठरवलं. त्याच खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी मात्र ही शिक्षाच घटनेविरुद्ध आहे असं वेगळं मत दिलं.

एवढी काळजी घेऊनही काय होऊ शकतं ते पाहा. २००३ साली आपल्याच राज्यात, नाशिक जिल्ह्यात, एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच माणसं मारली गेली. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने त्यातल्या तिघांची जन्मठेप केली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच ठेवली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरीच माणसं ओळखली होती आणि तो धागा कोणी पुढे नेलाच नव्हता! त्या सहांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं तुरुंगात गेली. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मधल्या काळात दोर ओढला गेला असता तर हे पैसे कोणाच्या हातावर ठेवले असते?

यात कोणी इंग्रज नव्हता. चूक माणसांकडून झाली आणि माणसांनीच ती दुरुस्त केली, कारण ज्यांच्याबाबत ती झाली ते जिवंत होते. आमच्या चौघांना ती सवलत मिळाली नाही. त्यांना जन्मठेप झाली असती तर १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, त्याने राजकीय कैदी सोडले, तेव्हा निदान त्यांच्या प्रकरणाचा पुन्हा विचार होऊ शकला असता. कुर्बान हुसेन तेव्हा तिशीच्याही आत असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीविषयी बोलताना सांगितलं होतं की, अपिलाचे अधिकार कुठल्या न्यायालयाला द्यायचे यापेक्षा ही शिक्षाच रद्द करणं त्यांना जास्त पसंत आहे. कायद्याचा एवढा मोठा जाणकार, आणि अन्याय स्वतः सोसलेला माणूस हे म्हणतो, याला माझ्या लेखी वजन आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं त्यांना तुमची-माझी तत्त्वं काय कामाची? मंगळवार पेठेत मेलेले पोलीसही कोणाचे तरी मुलगे होते. पगारासाठी नोकरी करणारी साधी माणसं. त्यांचा पुतळा नाही, आणि त्यांची आठवणही गावात कोणी काढत नाही. त्यांच्या घरच्यांनाही न्याय हवा होता. पण चुकीच्या माणसाला फाशी दिली तर तो न्याय त्यांनाही मिळत नाही. खरा गुन्हेगार मोकळाच राहतो आणि रडणारी घरं तेवढी वाढतात. त्या घरांना खरा दिलासा द्यायचा तर तपास नीट व्हायला हवा, खटला वेळेत संपायला हवा आणि जन्मठेप म्हणजे खरोखर जन्मठेप असायला हवी. यात घोषणा देण्याजोगं काही नाही, म्हणून त्यासाठी मोर्चे निघत नाहीत.

सत्तरी उलटल्यावर माझं मत फाशीच्या विरुद्ध पक्कं झालं आहे. गुन्हेगाराची दया येते म्हणून ते झालेलं नाही. पुरावा, साक्ष आणि जमावाचा राग यांची इतिहासात जी सांगड दिसते, तिच्यावर माझा एवढा भरवसा नाही. आमच्या घरातच माझ्या मताशी सहमत नसणारे दोघेतिघे आहेत, आणि ते हे वाचतीलच. त्यांनी जरूर वाद घालावा. फक्त एक करावं. पुढच्या वेळी 'लटकवा' असं लिहिण्याआधी चार पुतळ्यांखालची चार नावं एकदा वाचावीत. सरकारी कागदोपत्री १९३१ साली ते चौघेही कायदेशीर खटला चालून, अपील होऊन, गुन्हा सिद्ध झालेले खुनीच होते.