खडीचा रस्ता, मोटारीविना

आज रस्त्याची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या गटातल्या थोरल्या बायका बसल्या की 1972 च्या दुष्काळाचा विषय निघतोच. रानात काम नाही, विहिरीला पाणी नाही, मग दुष्काळी कामावर जायचं आणि खडी फोडायची. मिलोची लाल भाकरी, वाटपाची सुकडी, आणि हाताला फोड. त्या खडीवर पुढं डांबर पडलं, आता त्यावरून गाड्या धावतात. पण तो रस्ता कुणाच्या हातानं झाला, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही.

तसाच फोडलेल्या दगडाचा एक रस्ता दूर अमेरिकेत आहे. तिथं मोटारीला मज्जाव आहे. लोक पायी चालतात, घोड्यावरून जातात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सायकली चालवतात. लहान पोरांपासून आजीपर्यंत सगळे चालवतात, कारण मागून ट्रक येण्याचं भय नाही. आपल्या मुली सायकलवरून शाळेला निघाल्या की हमरस्ता ओलांडेपर्यंत आपला जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून हा बिनधोक रस्ता कसा झाला, ते आम्ही शोधून वाचलं.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. त्याच्या किनाऱ्याला लागून माउंट डेझर्ट नावाचं डोंगराळ बेट आहे. तिथला सर्वांत उंच डोंगर कॅडिलॅक, 1,530 फुटांचा. आपल्या कळसूबाईपुढं तो लहानच, पण समुद्रातून एकदम वर उठल्यामुळं डोळ्यांत भरतो. या भूमीवर हजारो वर्षं वाबानाकी या मूळ लोकांचा वावर होता. एकोणिसाव्या शतकात शहरातली श्रीमंत घराणी उन्हाळ्यात हवा खायला येऊ लागली. त्यांनी मोठमोठे वाडे बांधले आणि त्यांना लाडानं ‘कॉटेज’ म्हणू लागली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटावर मोटारींना बंदी होती. घोडे बुजतात, धूळ उडते, शांतता जाते, अशी तक्रार होती. 1913 पासून ही बंदी उठू लागली. त्याच सुमारास धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांनी ठरवलं की घोडागाडीसाठी वेगळे रस्ते बांधायचे आणि त्यावर मोटार येऊ द्यायची नाही. आता गंमत बघा. यांच्या वडिलांची तेलाची कंपनी, स्टँडर्ड ऑइल. जगातल्या मोटारी ज्या तेलावर पळायच्या, त्याच तेलाच्या पैशातून हे मोटार नसलेले रस्ते झाले.

1913 ते 1940, सत्तावीस वर्षं काम चाललं. जंगलात इतके रस्ते कशाला, असा विरोधही काही रहिवाशांनी केला. तरी आज अकेडिया राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असे सुमारे 45 मैल, म्हणजे 72 किलोमीटर रस्ते आहेत. रॉकफेलर यांनी बांधलेले सोळा दगडी पूल आहेत आणि एकासारखा दुसरा नाही. 1930 नंतरच्या मंदीत, जेव्हा देशभर कामधंदा बसला होता, तेव्हा या कामानं बेटावरच्या लोकांच्या चुली पेटत ठेवल्या. दुष्काळी काम आणि हे काम, दोन्हीचं नातं इथं लागतं.

आता रस्ता बांधला कसा, ते नीट ऐका, कारण आपल्या उपयोगाचं आहे. रुंदी सुमारे सोळा फूट. दगडाचे तीन थर. मधला भाग कडांपेक्षा सहा ते आठ इंच उंच, कासवाच्या पाठीसारखा, म्हणजे पाणी मध्ये थांबत नाही. दोन्ही बाजूंना रुंद चर, आणि जिथं ओहोळ आडवा येतो तिथं दगडी मोरी. डोंगर कापून सपाट केला नाही. उतार जसा वळेल तसा रस्ता वळवला, दगडी भिंती घालून माती धरली आणि झाडं वाचवली. दगड त्याच बेटावरचा. खोल बाजूला मोठमोठे दगड ओळीनं उभे केले, त्यांना लोक ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. चढ घोड्याला झेपेल एवढाच ठेवला. म्हणून तर आज साध्या सायकललाही तो झेपतो.

या कामात एक बाई होत्या. बियाट्रिक्स फॅरँड त्यांचं नाव, जन्म 1872 चा. बागा आणि परिसर आखण्याचं शिक्षण देणारी शाळा त्या काळी अमेरिकेत नव्हती. त्या एका जाणकार वनस्पतितज्ज्ञाकडं खाजगीत शिकल्या आणि 1895 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. 1899 मध्ये या व्यवसायातल्या लोकांनी देशपातळीवर संघटना काढली, तिच्या अकरा संस्थापकांत बाई या एकट्याच. या रस्त्यांच्या कडेला काय लावायचं, कुठं झाडी दाट ठेवायची आणि कुठून समुद्र दिसू द्यायचा, याचा सल्ला त्यांनी रॉकफेलर यांना दिला. परदेशी फुलझाडं आणून रांगा लावल्या नाहीत. तिथल्याच रानातली ब्लूबेरीची झुडपं आणि नेच्यासारखी दिसणारी सुवासिक झुडपं लावली. उकरलेल्या मातीच्या जखमा त्यांनी झाकल्या. आज बघणाऱ्याला वाटतं, हे सारं आपोआप उगवलं आहे. चांगल्या कामाचं असंच असतं. घर नीट चाललं की ते कुणी चालवलं, हे कुणी विचारत नाही.

पुढं ऑक्टोबर 1947 मध्ये बेटावर मोठा वणवा लागला. उद्यानातलं दहा हजार एकरांहून जास्त रान जळालं. जळालेली झाडं हटवायला रॉकफेलर यांनी आपली माणसं लावली. बाईंनी बेटावरच्या आपल्या घरी बाग आणि ग्रंथालय उभं करून शिकणाऱ्यांसाठी केंद्र करायचं ठरवलं होतं. ते टिकेल असं वाटेना, तेव्हा 1955 मध्ये त्यांनी ते स्वतःच मोडलं. पुस्तकं कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाला गेली. बरीच झाडं त्याच बेटावरच्या दुसऱ्या बागेत लावली गेली, ती बाग आजही आहे.

रॉकफेलर 1960 मध्ये वारले. ते होते तोवर त्यांची माणसं दर वर्षी चर उपसायची, मोऱ्या साफ करायची. नंतर हात कमी पडले. मोऱ्यांत पाला साचला, चर बुजले, पाणी रस्त्यावरून वाहू लागलं आणि वरचा थर वाहून गेला. झाडोरा वाढून दिसणारा समुद्र झाकला गेला. घोडागाड्यांच्या वजनानं जे बिघडलं नाही, ते तुंबलेल्या मोरीनं बिघडवलं.

1986 मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ अकेडिया’ नावाची लोकांची संस्था निघाली. 1992 ते 1995 या काळात सरकारनं पैसा दिला, संस्थेनं त्यात आपली भर घातली आणि रस्ते पुन्हा उभे राहिले. पण मैत्रिणींनो, खरी शहाणपणाची गोष्ट पुढंच आहे. संस्थेनं एक कायमचा निधी उभा केला. मुद्दल मोडायचं नाही, त्याच्या उत्पन्नातून दर वर्षी रस्त्याची निगा राखायची. गटाच्या पासबुकावर आपण जे शिकलो, तेच हे. शिवाय शेकडो स्वयंसेवक येतात आणि फावडं, दाताळं घेऊन चरांतला पाला काढतात. एकदा बांधून दिलेल्या वस्तूला मालक मिळतो, पण रोज निगा राखणारा मिळणं अवघड. तिथं तो मिळाला.

आज ईगल लेक या तलावाभोवती सुमारे दहा किलोमीटरची फेरी सायकलनं करता येते. फाट्याफाट्यावर क्रमांकाचे खांब आहेत, वाट चुकत नाही. नियमही साधा. सायकलवाल्यानं सगळ्यांना वाट द्यायची, आणि सगळ्यांनी घोड्याला वाट द्यायची. ज्याच्या हाती वेग जास्त, त्यानं आधी थांबायचं. आपल्या हमरस्त्यावर बरोबर उलटं चालतं.

आपल्याकडं रॉकफेलर नाहीत, आणि त्यांची वाट बघायचीही गरज नाही. पण वाडीवरून शाळेकडं जाणारा शिवेवरचा जुना मुरमाचा रस्ता बहुतेक गावांना आहे. पोरी सायकलनं त्यावरूनच जाऊ शकतात. तो पावसात का खचतो, हे बघायला इंजिनिअर लागत नाही. मृगाच्या आधी गटानं एक चक्कर मारावी, मोऱ्यांत किती गाळ आहे ते बघावं, आणि ग्रामसभेत तोच विषय पहिला मांडावा. ज्यांनी खडी फोडली, त्यांच्या नातींना त्या रस्त्यानं निर्धास्त जाता यावं, एवढंच मागणं आहे.