इंधन गाळणी

इंधन गाळणी म्हणजे मोटारगाडीच्या टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोल किंवा डिझेलमधील धूळ, गंजाचे कण व अन्य गाळ अडवणारा भाग होय. बोलीभाषेत तिला पेट्रोल फिल्टर किंवा डिझेल फिल्टर म्हणतात. ती वापराने हळूहळू तुंबत असल्यामुळे ठरावीक काळाने बदलावी लागते. काही गाड्यांमध्ये हे काम घरीही करता येते. मात्र इंधन ज्वालाग्राही असते व नळ्यांमध्ये दाबाखाली असते, त्यामुळे त्यात आगीचा व इजेचा धोका असतो.

रचना व कार्य

धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या आवरणात घड्या घातलेला विशेष कागद अथवा कृत्रिम तंतूंचा थर बसवलेला असतो. डिझेल इंजिनांच्या इंजेक्टरची छिद्रे साधारणतः ०.१ ते ०.२ मिलिमीटर व्यासाची असल्याने सूक्ष्म कणांनीही त्यांची झीज होते. डिझेलची गाळणी पाणीही वेगळे करते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते व तेथील बुचातून काढून टाकता येते. ते पुढे गेल्यास पंप व इंजेक्टर गंजतात. गाळणीच्या तुलनेत या भागांची दुरुस्ती कितीतरी महाग असते.

बदलण्याची लक्षणे

गाडी उशिरा सुरू होणे, चढावर जोर कमी पडणे व वेग वाढवताना धक्के बसणे ही गाळणी तुंबल्याची लक्षणे आहेत. इंधन पंप कमजोर झाल्यासही अशीच लक्षणे दिसतात. गाळणी किती किलोमीटरनंतर बदलावी, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

बदलण्याची पद्धत

अनेक नव्या पेट्रोल गाड्यांमध्ये गाळणी टाकीच्या आत पंपासोबत बसवलेली असते. ती घरी बदलणे योग्य ठरत नाही. बाहेर बसवलेली गाळणी सहसा गाडीच्या तळाशी किंवा बॉनेटखाली आढळते.

इंजेक्शन प्रणालीच्या पेट्रोल गाडीत इंधनाचा दाब सामान्यतः ३ ते ४ बार, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबापेक्षा अधिक असतो. म्हणून प्रथम इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात व नंतर बॅटरीची ऋण तार सोडवतात. नळ्या काढताना उरलेले इंधन सांडते, ते भांड्यात धरतात. नवी गाळणी तिच्यावरील बाण इंजिनाच्या दिशेने ठेवून बसवतात. शेवटी फ्यूज व तार जोडून, चावी फिरवून पंप चालू करतात आणि गळती नसल्याची खात्री झाल्यावरच इंजिन सुरू करतात.

डिझेल गाडीत नवी गाळणी बसवल्यावर नळ्यांमध्ये शिरलेली हवा काढावी लागते. त्यासाठी काही गाड्यांमध्ये हातपंप असतो. हवा राहिल्यास इंजिन सुरू होत नाही किंवा मध्येच बंद पडते.

सुरक्षितता

पेट्रोलची वाफ शून्याखालील तापमानातही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. त्यामुळे हे काम इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत व ठिणगी किंवा ज्योतीपासून दूर करावे लागते. अग्निशामक जवळ असणे आवश्यक असते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे जीवघेणे ठरू शकते. कॉमन रेल डिझेल इंजिनात इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांतील दाब १,००० बारपेक्षा अधिक असू शकतो व त्यातून उडालेली धार त्वचा भेदते. त्यामुळे या नळ्या घरी सोडवत नाहीत. जुन्या गाळणीत इंधन उरलेले असते. म्हणून ती घरच्या कचऱ्यात न टाकता असा कचरा स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावी लागते.