सातवी इनिंग आणि आळोखेपिळोखे

बेसबॉलच्या नियमपुस्तकात सगळं काही आहे. चेंडूचं वजन, बॅटची जाडी, पिचरने पाय कुठे ठेवायचा, पंचांनी कशाला आउट म्हणायचं. सातव्या इनिंगच्या मधोमध प्रेक्षकांनी उठून उभं राहायचं, हे मात्र त्यात कुठेच नाही. तरीही अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजच्या मैदानावर जाऊन बघा. पाहुण्या संघाची सातवी बॅटिंग आटोपली, की आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे उठतात. कोणी आळोखेपिळोखे देतो, कोणी कंबर मोडतो, कोणी घाईघाईने बाथरूमच्या रांगेकडे सुटतो. लाउडस्पीकरवर एक जुनं गाणं लागतं, ते सगळे बेसूर म्हणतात. मग यजमानांचा पहिला बॅट्समन आला, की सगळे पुन्हा बूड टेकतात.

हे बूड टेकणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कॉलेज बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो आणि मे अखेरपर्यंत चालतो. मग उरलेल्यांची बाद फेरी, आणि शेवटचे आठ संघ अंतिम स्पर्धेसाठी जूनमध्ये ओमाहाला. पाहुणा संघ शुक्रवारी येतो. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने खेळून परत जातो. खऱ्या भक्ताचा शनिवार त्यामुळे सकाळीच संपलेला असतो. गेट उघडायच्या आधी रांगेत, मग सरावाची बॅटिंग बघत, शेंगा सोलत, गुडघ्यावर स्कोअरकार्ड ठेवून पेन्सिलीने चौकोन भरत. खाली लांबलचक ॲल्युमिनियमची फळी. तिला पाठ नाही, हात नाहीत. रंगाने आकडे घातलेले, आणि दोन आकड्यांच्या मधली जेमतेम दीड फूट जागा आपली. फेब्रुवारीत ती फळी दोन पँटींमधून गारठा पोचवते आणि मे महिन्यात हाफ पँटवाल्याला तिच्यावर टेकवत नाही. मुरलेली मंडळी कॉलेजच्या रंगाची गादी काखोटीला मारूनच येतात. सातवी इनिंग येईपर्यंत दोन तास उलटलेले असतात. त्या वेळी उठायला कोणी सांगावं लागत नाही.

पण कोणीतरी सांगितलं होतं, अशी कथा आहे, आणि ती कॉलेजच्याच मैदानावरची आहे.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजात ब्रदर जॅस्पर नावाचे एक धर्मबंधू होते. मुलांची शिस्त त्यांच्याकडे आणि बेसबॉलचा संघही त्यांच्याकडेच. दोन्ही खाती एकाच माणसाकडे असली की काय होतं, ते वसतिगृहात राहिलेल्यांना सांगायला नको. सामना संपेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, हलायचं नाही, असा त्यांचा दंडक. १८८२ मधल्या एका उकाड्याच्या दिवशी मॅनहॅटनचा सामना मेट्रोपॉलिटन्स या संघाशी होता. सातव्या इनिंगपर्यंत सामना अटीतटीला आला. मॅनहॅटनची बॅटिंग येणार, एवढ्यात ब्रदरांच्या लक्षात आलं की बाकांवरची पोरं चुळबुळ करताहेत. त्यांनी खेळ थांबवला आणि पोरांना सांगितलं, उठा, हातपाय मोकळे करा. मात्रा लागू पडली. पुढे प्रत्येक सामन्यात सातवीला उठायचं असं ठरून गेलं. मॅनहॅटनचा संघ पोलो ग्राउंड्स या मैदानावर जायंट्स या व्यावसायिक संघाशी प्रदर्शनी सामने खेळायचा. तिथल्या प्रेक्षकांनी पोरांचं बघून उचललं आणि व्यावसायिक बेसबॉलमध्ये ही रीत गेली, असं पुढचं उपकथानक.

कॉलेजने ही कथा छातीशी धरून ठेवली आहे. त्यांचे सगळे खेळाडू आजही ‘जॅस्पर्स’ म्हणवतात. २०२४ मध्ये कॉलेजचं नाव बदलून मॅनहॅटन युनिव्हर्सिटी झालं. जॅस्पर तसेच राहिले. तपशीलही बिनचूक बसतात. मेट्रोपॉलिटन्स १८८३ मध्ये अमेरिकन असोसिएशनमध्ये गेले. १८८२ मध्ये ते स्वतंत्र होते, जो बोलावेल त्याच्याशी खेळत होते. तेव्हा कॉलेजशी सामना होणं अगदी शक्य आहे. ब्रदरांनी पोरांना उठवलंही असेल. प्रश्न एवढाच, की त्याआधी कोणी उठलं नव्हतं का?

उठलं होतं. हॅरी राइट हा माणूस जन्माने इंग्रज, शेफील्डचा. अमेरिकेत तो पैसे घेऊन क्रिकेट खेळला आणि पुढे बेसबॉलकडे वळला. १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ त्याने कप्तान म्हणून बांधला. त्याच वर्षीच्या एका पत्रात त्याने तिथल्या प्रेक्षकांची हकीकत लिहिली आहे. सातव्या इनिंगच्या दोन अर्ध्यांमध्ये सगळे उठतात, हातपाय ताणतात, काहीजण थोडं फिरूनही येतात. कठीण बाकांवर इतका वेळ एकाच बैठकीत काढल्यावर तेवढाच आराम, असा त्या मजकुराचा आशय. ब्रदर जॅस्परांच्या कथेआधी तेरा वर्षं. आणि राइट हे बघून नवल करतो, स्वतः शोधून काढल्याचं म्हणत नाही. म्हणजे सिनसिनाटीतही ही रीत कोणी आज्ञा करून घातलेली दिसत नाही.

याहून फार मागे मात्र जाता येत नाही. एक सरळ कारण आहे: १८५७ पर्यंत बेसबॉलला ठरलेल्या नऊ इनिंग्जच नव्हत्या. जो संघ आधी एकवीस धावा करील तो जिंकला, असा हिशोब होता. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या क्लबांनी एकत्र बसून नऊ इनिंग्ज ठरवल्या. कॉलेजांमधला पहिला सामना त्यानंतरचा, १ जुलै १८५९ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा. पण ॲमहर्स्ट आणि विल्यम्स ही दोन कॉलेजं तिथे जुन्या मॅसॅच्युसेट्सच्या नियमांनी खेळली. एका बाजूला तेरा-तेरा खेळाडू, आणि सव्वीस इनिंग्ज. ॲमहर्स्टने ७३-३२ असा विजय मिळवला. दुसऱ्या दिवशी हीच दोन कॉलेजं बुद्धिबळात भिडली आणि तिथेही ॲमहर्स्टच जिंकलं. सव्वीसांतल्या सातवीला कोण उठणार? नऊ-नऊ जणांचा कॉलेज सामना त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कला झाला. सेंट जॉन्स कॉलेज, म्हणजे आजचं फोर्डम, ३३-११ ने जिंकलं. सातवीला सातवीपण आलं ते या सुमारास. म्हणजे रिवाजाचा जन्म १८५७ आणि १८६९ च्या मधे कुठेतरी आहे, आणि तो कोणी जन्माला घातला याचा दाखला नाही.

दाखला नसला की मोठा माणूस शोधतात. या रिवाजाला तिसरा जनक मिळाला तो थेट राष्ट्राध्यक्ष. १४ एप्रिल १९१० रोजी विल्यम हॉवर्ड टाफ्ट वॉशिंग्टनच्या सामन्याला आले आणि हंगामाचा पहिला चेंडू टाकणारे पहिले राष्ट्राध्यक्ष ठरले. वॉल्टर जॉन्सनने त्या दिवशी फिलाडेल्फियाला अवघा एक हिट दिला, वॉशिंग्टन ३-० ने जिंकलं. ही झाली नोंद. पुढचं सांगोवांगी: टाफ्ट यांचं वजन १३५ किलोंच्या वर, लाकडी खुर्ची बेताची. सातवीला ते पाय मोकळे करायला उठले. राष्ट्राध्यक्ष निघालेत असं समजून सगळे आदराने उभे राहिले. ते पुन्हा बसले, तसे सगळे बसले, आणि रीत पडली. गोष्ट झकास आहे, सांगायलाही बरी वाटते. पण राइटच्या पत्रातले लोक त्याआधी चाळीस वर्षं उठून पुन्हा बसलेसुद्धा होते.

एक धर्मबंधू, एक कप्तान, एक राष्ट्राध्यक्ष. तिघांपैकी कप्तानाचंच पत्र आहे, आणि त्याने तर श्रेय मागितलेलंही नाही. मला विचाराल तर या रिवाजाचं पितृत्व फळीकडे जातं. बाकी सगळे दत्तक घेणारे.

फळीइतकंच खेळाचं वेळापत्रकही त्याला कारण आहे. क्रिकेटमध्ये जेवण आहे, चहा आहे. खेळणारे उठतात म्हणून बघणारेही उठतात. राइट ज्या खेळातून आला तिथे हे अंगवळणी पडलेलं. बेसबॉलने सुट्टी ठेवलीच नाही. सतरा वेळा संघ बाजू बदलतात, पण दर वेळी दोन मिनिटांचीच गडबड. चहा मिळत नाही म्हटल्यावर प्रेक्षकांनी आपला आपण काढून घेतलेला हा अवकाश आहे. आपल्याकडे नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवा थांबतात, त्यांना हार घालतात, बुक्का लावतात, सगळे मिळून नामाचा गजर करतात आणि मग आख्यानाला हात घालतात. त्यातलं बरंचसं इथे सापडतं: गजर सापडतो, मांडी बदलणं सापडतं. फक्त कीर्तनात ती जागा कीर्तनकाराची असते, इथे ती ऐकणाऱ्यांनी बळकावली.

मग पाचवी का नाही, सातवीच का? नऊचा मध्य पाचवीत येतो. पण पाचवीला अजून अंग आंबलेलं नसतं, आणि नववीला उठलं तर सरळ घरीच जायचं. सातवीला सामन्याचा कस लागतो. सुरुवातीपासून टाकणारा पिचर दमलेला असतो, कोच सारखा उठून कुंपणापलीकडे हात गरम करणाऱ्या पोरांकडे बघतो. सात हा आकडाही शुभ समजला जातो. यजमानांची बॅटिंग दुसऱ्या अर्ध्यात येत असल्यामुळे मधेच उभं राहणं म्हणजे आपल्या पोरांचं स्वागतही होतं. पूर्वी तर पाहुण्यांचे पाठीराखे सातवीच्या सुरुवातीला, म्हणजे त्यांच्या बॅटिंगआधी उठत, आणि यजमानांचे मधोमध. जपानमध्ये हानशिन टायगर्सच्या भक्तांनी या शुभ सातवीला हजारो लांबट फुगे हवेत सोडायची चाल गाजवली. अंग मोकळं करण्याशी तिचं आता काही नातं उरलेलं नाही.

गाण्याची कुळकथा वेगळी आणि बरीच अलीकडची. गाणं १९०८ चं. जॅक नॉरवर्थ या रंगमंचावरच्या गायकाने रेल्वेत बसलेला असताना पोलो ग्राउंड्सवरच्या सामन्याची पाटी वाचली आणि शब्द लिहून काढले. चाल आल्बर्ट फॉन टिल्झरची. आज बेसबॉलची आरती म्हणावी असं हे गाणं, आणि नॉरवर्थने मोठ्या लीगचा पहिला सामना बघितला तो १९४० मध्ये! सातवीला ते गाणं पक्कं जोडलं गेलं त्याहून कितीतरी नंतर. १९७६ मध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्सचे मालक बिल व्हीक यांच्या लक्षात आलं, की समालोचक हॅरी कॅरे सातवीला ऑर्गनच्या सुरावर आपल्या खोलीत स्वतःशीच गातो आणि खालचे चार लोक त्याला साथ देतात. व्हीकने गुपचूप त्याचा मायक्रोफोन मैदानाच्या स्पीकरला जोडला. कॅरे भडकला. व्हीकने त्याची जी समजूत घातली ती अशी सांगतात: तुझं गाणं ऐकून प्रत्येकाला वाटतं आपण याच्यापेक्षा बरं गातो, म्हणून सगळे गातात. १९८२ मध्ये कॅरे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कब्ज या संघाकडे गेला. कब्जचे सामने केबलवरून देशभर दिसत. बेसूर गाण्याची ही मुभा तिथून घराघरांत पोचली आणि कॉलेजांच्या मैदानांनीही ती उचलली.

फळीमुळे रीत पडली, हे म्हणणं तपासायचं असेल तर मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिलला जावं. मिसिसिपी स्टेटच्या डुडी नोबल फील्डवर साठच्या दशकात पोरांनी डाव्या बाजूच्या कुंपणामागे पिकअप ट्रक आणून लावायला सुरुवात केली. मागच्या हौद्यात खुर्च्या, मग फळ्या ठोकून मचाण, मग मचाणावर जुने सोफे, शेजारी शेगडी. सामन्याआधी तिथे मांस भाजल्याचा धूर मैदानावर तरंगत असतो, आणि पाहुण्यांच्या लेफ्ट फील्डरला तीन तास शेलक्या शेऱ्यांबरोबर तो वासही सोसावा लागतो. नव्या स्टेडियमात ट्रक गेले, त्या जागी पक्की मचाणं आली, थाट तोच. २०२३ च्या एप्रिलमध्ये इथे एका सामन्याला १६,४२३ लोक होते. सोफ्यावर रेललेल्या माणसाला सातवीला उठायचं काही कारण नाही. तोही उठतो. एका हातात भाजलेलं कणीस, दुसऱ्याने पाठ चोळत. फळी गेली तरी उठायची सवय हाडात उतरली आहे.

अलीकडे या इनिंगला आणखी एक काम लागलं आहे. दक्षिणेतल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २०१९ मध्ये सामन्यांना बिअर विकायला परवानगी दिली, तेव्हा विक्री बंद करायची वेळही ठरवून दिली. बेसबॉलसाठी ती सातव्या इनिंगचा पहिला अर्धा संपला की. उठायची वेळ आणि दुकान बंद व्हायची वेळ जवळजवळ एकच. त्यामुळे सातवीचा पहिला अर्धा चालू असतानाच शेवटच्या ग्लासासाठी रांगा लागलेल्या असतात, आणि बाकीचे गात असतात तेव्हा ही मंडळी दोन्ही हातांत ग्लास सांभाळत आपली रांग शोधत असतात. ब्रदर जॅस्परांनी यावर काय केलं असतं, ते सांगायला नको.

कॉलेजमध्ये दहा धावांचाही एक नियम आहे. सात इनिंग्जनंतर कोणी दहा किंवा अधिक धावांनी पुढे असेल, तर सामना तिथेच संपवायचा. यजमानच पुढे असतील तर त्यांना सातवीची बॅटिंग करायची गरजच उरत नाही. पाहुण्यांचा तिसरा गडी बाद झाला की खेळ खलास. म्हणजे नेमकं आळोखेपिळोखे द्यायच्या क्षणी. सवयीने सगळे उठलेले असतात, आणि समोर खेळाडू हात मिळवायला रांगा लावत असतात. अशा दिवशी नवखे विचारतात, गाणं कुठे गेलं? मुरलेले तोवर गादी काखोटीला मारून पार्किंगकडे निघालेले असतात.