ॲलर्जीची लस: चुकीचा तर्क, अचूक मात्रा

१९११च्या जून महिन्यात ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेनर्ड नून यांचा एक छोटा लेख छापून आला. नून लंडनच्या पॅडिंग्टन भागातल्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये, आल्मरॉथ राइट यांच्या लसीकरण विभागात काम करत. उन्हाळ्यात गवत फुलोऱ्यावर आले की ज्यांचे नाक वाहते, डोळे चुरचुरतात आणि शिंकांनी जीव हैराण होतो, अशा हे फीव्हरच्या रुग्णांना त्यांनी टिमोथी गवताच्या परागकणांचा अर्क टोचला होता. परागात एक विष असते, ते थोडे थोडे टोचले की शरीर त्यावर प्रतिविष तयार करते, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत साफ चुकीची होती. परागात विष नसते. ज्याला ॲलर्जी नाही त्याला तो काडीचाही त्रास देत नाही. तरीही नून यांचा उपचार लागू पडला आणि एक शतक उलटल्यावरही, बराचसा त्याच रीतीने, जगभर दिला जातो. या लशीच्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे: तिला पुढे नेले ते काटेकोर मोजमापाने. सिद्धान्त बहुतेक वेळा मागून आले, आणि जिथे ते आधी आले तिथे अनेकदा फसले.

विषाची कल्पना त्या काळात मुळीच वेडगळ नव्हती. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांनी १८७३च्या ग्रंथात हे फीव्हरचे कारण परागच आहे हे दाखवून दिले होते. स्वतःच्या त्वचेवर ओरखडा काढून त्यावर त्यांनी पराग लावला, आणि हवेत किती उंचीवर किती पराग आहेत हे मोजायला पतंगसुद्धा उडवले. पुढे हॅम्बुर्गमध्ये विल्यम डनबार यांनी परागाचे ‘विष’ जनावरांना टोचून त्यांच्या रक्तापासून उतारा बनवला होता. घटसर्पावर घोड्याच्या रक्तद्रवाचा उतारा नुकताच यशस्वी ठरला होता, त्यामुळे हाही त्याच वाटेने जाणार असे कुणालाही वाटले असते.

नून यांचे वेगळेपण समजुतीत नव्हते, ते कामाच्या पद्धतीत होते. त्यांनी परागकण पाण्यात घेऊन वारंवार गोठवून-वितळवून अर्क काढला आणि त्याचे एक एकक ठरवले: एक सहस्रांश मिलिग्रॅम परागातून जेवढा अर्क निघेल तेवढा एक युनिट. मग रुग्णाच्या डोळ्यात अगदी सौम्य अर्काचा थेंब टाकायचा, डोळा लाल होतो का पाहायचे, झाला नाही तर अधिक तीव्र थेंब टाकायचा. ज्या तीव्रतेला डोळा लाल होईल तो त्या माणसाच्या सहनशक्तीचा आकडा. इंजेक्शनांच्या आधी आणि नंतर हा आकडा नोंदवल्यामुळे सुधारणा झाली की नाही हे रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून राहिले नाही. मात्रा फाजील झाली किंवा फार लवकर पुन्हा दिली तर सहनशक्ती वाढण्याऐवजी घटते हेही त्यांना या थेंबांनीच दाखवले. नून १९१३ साली क्षयाने, ऐन उमेदीत गेले. सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे चालवले.

यावर एक रास्त आक्षेप येईल. आज आपल्याला ॲलर्जीची यंत्रणा कळली आहे, ती काय मोजपट्टीने कळली? यंत्रणा थोडक्यात अशी. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात परागातल्या किंवा धुळीतल्या एखाद्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार झालेले असतात. नाक, डोळे, श्वासनलिका आणि त्वचेतल्या मास्ट पेशींवर ते चिकटून बसतात. ते प्रथिन पुन्हा आले की दोन शेजारी प्रतिपिंड त्याला धरतात, पेशी फुटल्यासारखी रिकामी होते आणि हिस्टामिन बाहेर पडून सूज, पाणी, खाज सुरू होते. लशीत तेच प्रथिन वाढत्या मात्रेने, महिनोन्‌महिने दिले जाते. त्यामुळे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी वाढतात, आणि आयजीजी-४ हा दुसरा प्रतिपिंड तयार होऊन मास्ट पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच प्रथिनाला अडवतो. हे सगळे ज्ञान मोलाचे आहे यात वाद नाही. पण क्रम पाहावा. अडवणाऱ्या प्रतिपिंडाचा सुगावा न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कुक आणि सहकाऱ्यांना १९३५ साली लागला, तो उपचार घेतलेल्या रुग्णांच्या रक्तातूनच. आयजीईचा शोध इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि जोहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये लावला, तो १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर नून यांच्या इंजेक्शनांना अर्धशतक होऊन गेले होते.

दुसरा आक्षेप अधिक कडवा आहे: हा सगळा मनाचा खेळ कशावरून नसेल? हे फीव्हर एका उन्हाळ्यात जास्त, दुसऱ्यात कमी असतो, आणि सुई टोचून घेतलेल्याला बरे वाटण्याची घाई असते. या प्रश्नाचे नीट उत्तर यायला १९५४ साल उजाडले. त्याच सेंट मेरीजमध्ये विल्यम फ्रँकलंड आणि रोझा ऑगस्टिन यांनी दोनशे रुग्णांचे गट पाडले. काहींना परागाचा खरा अर्क मिळाला, काहींना निव्वळ कार्बोलिक घातलेले मिठाचे पाणी. खरा अर्क मिळालेल्यांपैकी सुमारे चार-पंचमांश लोकांना चांगला गुण आला. मिठाच्या पाण्यावरही जवळपास एक-तृतीयांश लोक बरे वाटल्याचे सांगत होते. म्हणजे संशय घेणारे अर्धे बरोबर होते, आणि ते कितपत बरोबर होते हे तुलनेशिवाय कळलेच नसते.

तुलना टाळली तर काय होते याचा दाखला मधमाशी आणि गांधीलमाशीच्या दंशाच्या उपचारात आहे. काहींना एका दंशानेही रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो. १९३०पासून अशा रुग्णांना अख्खी माशी वाटून काढलेला अर्क टोचण्याची प्रथा पडली. युक्तिवाद असा की ॲलर्जी करणारे द्रव्य माशीच्या सर्वांगात असते. मेरी लव्हलेस यांनी १९५०च्या दशकात केवळ विषपिशवीतले विष वापरून पाहिले, पण फारसे कुणी मनावर घेतले नाही. अखेर १९७८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तीन गट केले: विष, अख्ख्या माशीचा अर्क, आणि औषध नसलेले इंजेक्शन. मग रुग्णालयात, सर्व तयारीनिशी, रुग्णांना मुद्दाम दंश देण्यात आला. औषध नसलेल्या १२पैकी ७ जणांना सर्वांगीण प्रतिक्रिया आली, अख्ख्या माशीच्या ११पैकी ७ जणांना, विषाच्या १८पैकी एकालाच. जवळजवळ पन्नास वर्षे जिवाला धोका असलेल्या लोकांना पाण्याइतकाच कुचकामी अर्क देऊन ‘आता तुम्ही सुरक्षित आहात’ असे सांगितले जात होते. जीव धोक्यात असलेल्यांना खोटे औषध देणे अनैतिक नव्हे काय, असे विचारले जाईल. प्रश्न खरा आहे. पण त्या गटातल्यांवर दंशाच्या वेळी डॉक्टर लक्ष ठेवून होते. अख्ख्या माशीचा अर्क घेऊन निर्धास्तपणे शेतात गेलेल्यांजवळ कुणीच नव्हते.

मोजमापातली ढिलाई दुसऱ्या बाजूनेही महागात पडली. १९८६ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने १९५७पासून ॲलर्जीच्या इंजेक्शनांमुळे झालेल्या २६ मृत्यूंची नोंद मांडली आणि पुनरुज्जीवनाची सोय नसेल तिथे ती देऊ नयेत असे बजावले. ब्रिटनमध्ये हा उपचार त्यानंतर जवळजवळ थांबला. यातून जिभेखाली ठेवायच्या मात्रेची वाट रुंद झाली. गवताच्या परागाची गोळी २००६च्या सुमारास युरोपात आली, २०१४ साली अमेरिकेत. शेंगदाण्याच्या ॲलर्जीसाठी प्रथिनाची मोजून दिलेली भुकटी तिथे २०२०मध्ये मंजूर झाली.

आजच्या नव्या लशींचे काय? १९८०च्या दशकाच्या अखेरीस धुळीतल्या किड्याच्या आणि बर्चच्या परागाच्या मुख्य प्रथिनांची जनुके हाती आली, आणि पूर्ण अर्काऐवजी नेमका तुकडाच द्यावा अशी आशा निर्माण झाली. मांजराच्या ॲलर्जीसाठी तयार केलेली पेप्टाइड लस या विचाराचे सर्वांत देखणे अपत्य. आयजीईला पकडता येणार नाही, पण टी पेशींना ओळखता येतील एवढे छोटे तुकडे तिच्यात होते. सिद्धान्तात खोट काढायला जागा नव्हती. २०१६ साली हजाराहून अधिक लोकांवरच्या अंतिम चाचणीत ती औषध नसलेल्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरली नाही. दोन्ही गटांची लक्षणे भरपूर घटली होती. यावर काहींचे म्हणणे असे की दोष लशीचा नसून लक्षणांच्या रोजनिशीचा आहे. त्यात तथ्य आहे, म्हणूनच ठरावीक मात्रेचे पराग सोडलेल्या बंद खोलीत रुग्णांना बसवून चाचण्या घेण्याकडे कल वाढला आहे. विषाणूसारख्या पोकळ कणावर शेंगदाण्याचे प्रथिन बसवलेली लसही आता माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आली आहे. तिचा तर्क मला आकर्षक वाटतो, पण केवळ तेवढ्यावर तिच्यावर भरवसा ठेवायला मी तयार नाही.

आपल्याकडे मोजमापाचा मुद्दा अधिकच जवळचा आहे. इंग्लंडच्या टिमोथी गवताचा पुण्याच्या रुग्णाला उपयोग नाही. पुण्यात १९५५च्या सुमारास नोंदले गेलेले गाजरगवत त्वचेवर जो चट्टा उठवते तो आयजीईमुळे नव्हे, टी पेशींमुळे उठतो. त्याच्या परागाने येणाऱ्या शिंकांची गोष्ट निराळी. म्हणून कोणत्या रुग्णाला लस द्यायची हे आधी तपासून ठरवावे लागते, आणि मग कुपीत काय आहे हा प्रश्न येतो. भारतात मिळणाऱ्या अनेक अर्कांवर १:५०, १:५०० असे वजनाचे प्रमाण असते. किती कच्चा माल किती पाण्यात भिजवला एवढेच ते सांगते; मुख्य प्रथिन किती उतरले हे सांगत नाही. दोन कुप्यांवर सारखाच आकडा असून ताकदीत मोठा फरक असू शकतो, आणि डॉक्टरला ते कळायला मार्ग नसतो. प्रथिन मायक्रोग्रॅममध्ये मोजून दिलेले, इथल्या गवतांचे, तणांचे आणि धुळीच्या किड्यांचे अर्क हवेत. त्यासाठी संदर्भ-नमुने, ते तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि नियामकाची सक्ती तिन्ही लागतील, आणि नव्या लशींच्या चाचण्या इथल्या रुग्णांवर व्हायच्या असतील तर हे काम त्यांच्या आधी पुरे व्हायला हवे.