मिठांतील पिंपें



अणुशक्तीला स्वच्छ शक्ति म्हणावें कीं नाहीं, हा वाद युरोपांत गेलीं पन्नास वर्षें चालू आहे. जर्मनीपुरता तरी तो नीट समजून घ्यावयाचा, तर लोअर सॅक्सनी प्रांतांतील आसे नांवाच्या टेकडीखालीं उतरावें लागतें.

कोळशाच्या भट्टीसारखा धूर अणुभट्टींतून निघत नाहीं, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु तिची म्हणून एक राख असते, आणि ती पिढ्यान् पिढ्या किरण टाकीत राहते. ती ठेवावयाची कोठें? जर्मन शास्त्रज्ञांनीं उत्तर दिलें, मिठांत. तें वेडेपणाचें नव्हतें. जेथें मीठ कोट्यवधि वर्षें न विरघळतां टिकलें तेथें पाणी पोंचलेलें नाहीं हें उघड आहे. शिवाय मिठाचा खडक दाबाखालीं हळूहळू सरकून आपल्या भेगा आपणच बुजवितो.

आसेचा डोंगर मात्र अस्पर्श राहिला नव्हता. १९०९ पासून १९६४ पर्यंत पोटॅश व मीठ काढून तो आंतून पोखरला गेला होता, आणि शेजारच्या दोन खाणी पूर्वींच पाण्यानें भरल्या होत्या. १९६५ मध्यें सरकारनें ही खाण विकत घेतली व १९६७ ते १९७८ या काळांत तींत सुमारें १,२६,००० पिंपें उतरविलीं. नांव दिलें होतें संशोधनाचें! प्रारंभीं पिंपें नीट रचीत. पुढें यंत्राच्या सुपांतून तीं उतारावर लोटून देत व वर मीठ पसरीत. परत काढावयाच्या वस्तु कोणी अशा टाकीत नाहीं.

पावसाळ्यांत बरणींतल्या मिठाला पाणी सुटतें, हें आपल्या गृहिणींना सांगावयास नको. आसेंत पाणी आलें तें हवेंतून नव्हे. रिकाम्या दालनांवर डोंगराचा भार येऊन भोंवतालचा खडक हलला, भेगा पडल्या, आणि १९८८ पासून दिवसाला सुमारें १२,००० लिटर पाणी झिरपूं लागलें. खाणींत किरणोत्सर्गी खारें पाणी आहे ही गोष्ट २००८ मध्यें सर्वत्र झाली, तेव्हां लोकांचा संताप पाण्यापेक्षां लपवालपवीवर अधिक होता. माझ्या मतें तो रास्तच होता.

तथापि येथें ठेवला गेला तो कमी व मध्यम तीव्रतेचा कचरा होता, हेंहि सांगितलें पाहिजे. त्याहून कितीतरी जहाल असें जळलेलें इंधन आपल्या हद्दींतील खडकांत पुरण्यास फिनलंडमधील एउरायोकी येथील नगरसभेनें २००० सालीं संमति दिली. पुढल्या वर्षीं पार्लमेंटनें १५९ विरुद्ध ३ मतांनीं ती योजना मान्य केली. तेथें गांवाला नकाराचा अधिकार कायद्यानें होता. आसेच्या गांवकऱ्यांना तो कोणी दिला नव्हता.

१५ एप्रिल २०२३ रोजीं जर्मनीनें आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. आसेंतील पिंपें तेव्हांहि खालींच होतीं. तीं बाहेर काढावींत असा कायदा २०१३ मध्यें झाला आहे. परंतु त्यासाठीं डोंगरांत प्रथम एक नवी उभी विहीर खणावी लागणार आहे.