लटक्या रुपयाची कुळकथा

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार विभागातील एखाद्या गाळ्यापाशी क्षणभर उभे राहिले, तर गूळ, मिरची आणि गोणपाट यांच्या संमिश्र दर्पातून मधूनमधून एक निर्विकार यांत्रिक स्वर कानी पडतो आणि अमुक इतके रुपये जमा झाल्याची द्वाही फिरवून गप्प होतो. पेटीएमने २०१९ च्या सुमारास प्रचारात आणलेली ही साउंडबॉक्स नावाची डबी आडत्यांनी एवढ्या तत्परतेने गल्ल्याशेजारी मांडली, याचे कारण केवळ सोय नव्हे. ग्राहकाच्या मोबाइलवर उमटलेली हिरवी खूण ही पैसे पोचल्याची साक्ष होय, हा भरवसा मध्यंतरी पार ढासळला होता. कारण रक्कम व दुकानाचे नाव भरताच हुबेहूब तशीच खूण दाखवणारी, परंतु एक छदामही न हलवणारी बनावट ॲपे लबाडांच्या हाती आली होती.

गंमत अशी की, गाळ्यावर जो गुन्हा ठरतो, तोच व्यवहार वॉलेट रचणाऱ्या अभियंत्यांच्या कचेरीत राजमान्य आहे. तेथे त्याला सँडबॉक्स म्हणतात. पैसे वळते करून देणारी कंपनी आपल्या गिऱ्हाइकाला दोन किल्ल्या देते, एक चाचणीची आणि दुसरी खऱ्या व्यवहाराची. पहिली लावली असता मागणी जाते, उत्तर येते, पावती फाटते, परतावाही होतो, मात्र कोणत्याही बँकेच्या कीर्दीत एक ओळ लिहिली जात नाही. रेझरपे या भारतीय कंपनीने ‘सक्सेस ॲट रेझरपे’ आणि ‘फेल्युअर ॲट रेझरपे’ असे दोन लटके पत्ते याच कामी राखून ठेवले आहेत, तर परदेशी स्ट्राइपने ४२४२ हे आकडे चारदा लिहून होणारा कार्डक्रमांक. रकमा तेथे पैशांत मांडावयाच्या असतात, म्हणजे पाचशे रुपयांसाठी ५०००० लिहावे लागते. नवख्याच्या हातून दोन शून्ये गळतात ती येथेच गळलेली बरी.

या लटक्या रुपयाचे कूळ शोधू गेल्यास पहिली आठवण पोतदाराची होते, आणि ती स्वाभाविकही आहे. पेशवाईत पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत; तेव्हा नाणे वाजवून त्याचा नाद ऐकणारा, कस पाहणारा आणि बट्टा ठरवणारा पोतदार सरकारी खजिन्याला जितका आवश्यक, तितकाच गावगाड्यालाही. साउंडबॉक्सच्या आवाजाकडे कान लावून बसलेला आजचा आडत्या त्याचाच वारस मानता येईल. परंतु सँडबॉक्सची वंशावळ या घराण्याशी जुळवणे मला मान्य नाही. पोतदार नाण्याची परीक्षा करी. सँडबॉक्समध्ये नाणे खोटे आहे हे उभयपक्षी कबूलच असते. परीक्षा होते ती रिवाजाची, म्हणजे वाटेत काही बिघडले तर कोणी काय करावयाचे, या शिरस्त्याची.

तो शिरस्ता प्रथम बांधला हुंडीवाल्या सावकारांनी. पुण्याच्या पेढीवर लिहिलेली हुंडी काशीच्या पेढीवर पटावयाची, तर मध्ये शेकडो कोसांची वाट, नद्यांचे पूर आणि पेंढारी. हुंडी गहाळ झाली असता लिहिणारा तिची दुसरी प्रत देई, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर परपैठ, आणि त्याही पलीकडे मेजर. या प्रतींचा खरा गाभा त्यांच्या अटीत आहे : मूळ हुंडी पटली नसेल तरच हिच्यावर पैसे द्यावे. साहजिकच देणाऱ्याने थैलीला हात घालण्यापूर्वी खतावणी उघडून रुजुवात घ्यावी, हे ओघानेच आले. मागणी दोनदा पोचली तरी रक्कम एकदाच जावी, ही आजच्या अभियंत्याची मुख्य विवंचना. त्यासाठी तो प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देतो आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवे पैसे न देता जुनेच उत्तर परत पाठवतो. पैठेची अट यंत्राच्या भाषेत उतरवली, एवढेच.

११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयचा आरंभ झाला आणि ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर वॉलेट व यूपीआय दोन्ही यार्डातही शिरले. तेव्हापासून आडत्यांच्या तोंडी ‘पैसे कट झाले, पण आले नाहीत’ हे वाक्य बसले आहे. टेम्पो भरून तयार, हमाल खोळंबलेले, खरेदीदार मोबाइल नाचवीत आहे आणि डबी मूग गिळून बसलेली : हा त्रिशंकूचा काळ मिनिटाचा असेल वा दिवसाचा. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने त्याला मुदत घातली. व्यक्तीव्यक्तींमधील यूपीआय व्यवहारात अडकलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परतावी, व्यापाऱ्याच्या बाबतीत पाच दिवसांत, आणि पुढे दररोज १०० रुपये भरपाई. नेमकी हीच अवस्था सँडबॉक्समध्ये मुद्दाम घडवून पाहावयास हवी. पुष्कळशा चाचण्या मात्र होकार आणि नकार एवढ्यावरच संतोष मानतात. काशीच्या मुनिमाने अशा चाचणीवर मखलाशी केली नसती.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्वतःचाही नियामक सँडबॉक्स जाहीर केला आणि पहिल्या तुकडीस किरकोळ देयकांचा विषय दिला. तेथे पैसे आणि माणसे खरीच असतात, फक्त त्यांना मर्यादा घातलेली असते.

यार्डाला मात्र ही मर्यादित खरेपणाची युक्ती शिकवण्यास कोणी परिपत्रक काढले नव्हते. बाहेरगावचा नवा खरेदीदार मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी ‘आधी एक रुपया टाकतो, आला का बघा’ म्हणतो, आडत्या नाव व आकडा पडताळून होकार देतो, आणि मगच उरलेले पैसे सुटतात. बँकाही खात्याची खातरजमा करण्यासाठी असाच रुपया पाठवतात. तो रुपया अस्सल असल्यामुळे हिशेबात धरावाच लागतो. ४८,६०० च्या बिलापोटी १ आणि ४८,५९९ अशा दोन रकमा बँकेच्या उताऱ्यात येतात, आणि दिवाणजी जुन्या वळणाचे असतील तर त्या एकत्र न करता कीर्दीत दोन स्वतंत्र ओळींवर मांडतात, कारण महिनाअखेरीच्या रुजुवातीला ४८,६०० चा आकडा उताऱ्यात शोधूनही सापडणार नसतो.