व्यायामानंतर मान जास्त दुखते? दुखणं स्नायूचं की मणक्याचं, कसं ओळखायचं?

मान आखडते म्हणून व्यायाम सुरू केला आणि चार दिवसांत दुखणं उलट वाढलं, असं अनेकांच्या बाबतीत होतं. मग काही जण व्यायाम कायमचा सोडतात, तर काही 'सवय नाही म्हणून दुखतंय' म्हणत तसाच रेटतात. अशा वेळी किती दुखतंय यापेक्षा कुठे दुखतंय, हे जास्त महत्त्वाचं असतं.

मानेत नेमकं काय बिघडतं?

मानेत 7 मणके असतात. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि दोन्ही बाजूंनी नसांच्या 8 जोड्या बाहेर पडतात. वयानुसार मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, कडांना हाड वाढतं. हाच स्पाँडिलोसिस. काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही अशी झीज दिसते. त्यामुळे फक्त रिपोर्ट पाहून घाबरू नका, लक्षणं पाहा.

दुखणं कोणतं?

स्नायूंचं: मान आणि खांद्यापुरतंच राहतं. व्यायामानंतर एक ते तीन दिवस जास्त जाणवतं, मग आपोआप ओसरतं.

दबलेल्या नसेचं: कळ मानेतून दंडात आणि बोटांपर्यंत उतरते. मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. सहावी नस दबली तर बहुधा अंगठ्याकडे, सातवी दबली तर मधल्या बोटाकडे. हात डोक्यावर ठेवला की काहींना बरं वाटतं.

मज्जारज्जूवरच्या दाबाचं: यात दुखणं कमीही असू शकतं, पण धोका सर्वांत जास्त. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो, मान वाकवली की पाठीतून विजेसारखा झटका जातो.

कोणत्या व्यायामाने त्रास वाढतो?

मान मागे टाकली की नसांच्या वाटा अरुंद होतात. डोक्यावर वजन उचलताना नकळत हेच होतं. शीर्षासनात शरीराचा मोठा भार डोक्यावर आणि मानेवर येतो, तर सर्वांगासन आणि हलासनात मान पूर्ण दुमडते. पोटाचे व्यायाम करताना हातांनी डोकं ओढल्यानेही मान ताणली जाते. त्रास असेल तर हे प्रकार थांबवा. मान गोल गोल फिरवणं आणि 'कडकड' मोडून घेणंही टाळा.

मग व्यायाम बंदच करायचा का?

नाही. चालणं सुरू ठेवा आणि मानेचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. साधी खूण लक्षात ठेवा: व्यायामानंतर हातातली कळ मागे सरकून मानेपुरती उरली, तर ते चांगलं लक्षण. ती बोटांकडे उतरत गेली, तर तो व्यायाम थांबवा. दबलेल्या नसेचा त्रास बहुतेकांना काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय कमी होतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

हाताची ताकद कमी होणं, तोल जाणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, पडल्यानंतर मान दुखणं किंवा सोबत ताप असणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि व्यायाम करताना छातीत दडपण येऊन कळ मानेत, जबड्यात किंवा हातात जात असेल, तर ते मानेचं दुखणं समजू नका. ते हृदयाचं असू शकतं. लगेच रुग्णालय गाठा.